घाटातल्या वळणावर पाय कुठे ठेवायचा आणि अंग किती टाकायचं

चाळीसगावच्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १५० सीसीची. कन्नड घाट चढताना डाव्या वळणावर बुटाचं टोक रस्त्याला घासतं, एकदा तर पाय मागे ओढला गेला. मित्र म्हणतात, ‘सीटवरून आत लटकायला शीक, मग घासणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पाय मागे घेतला तर ब्रेक कसा मारशील?’ यातलं खरं कोणाचं?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण बूट का घासतो हे अगोदर नीट समजून घ्या, कारण लटकणं हा त्यावरचा उपाय नाही.

टेप घ्या आणि गाडी सरळ उभी करून फुटरेस्टच्या बाहेरच्या टोकाची जमिनीपासून उंची मोजा. मग चाकाच्या मध्यरेषेपासून ते टोक किती बाहेर आहे ते मोजा. समजा उंची २८ सेंटिमीटर आली आणि आडवं अंतर ३५. याचा अर्थ गाडी साधारण ३८-३९ अंश झुकली की फुटरेस्ट टेकणार. आता गाडीवर नेहमीसारखे बसा, म्हणजे तळपायाचा मधला भाग फुटरेस्टवर आणि बुटाचं टोक पुढे, बाहेर आणि खाली. ते टोक फुटरेस्टपेक्षा ७ सेंटिमीटर खाली आणि ३ सेंटिमीटर बाहेर असेल, तर उंची उरली २१ आणि अंतर झालं ३८. बूट २९ अंशांतच टेकला. गाडीची दहा अंशांची क्षमता निव्वळ पाय लोंबल्यामुळे गेली.

हे वेगाशी जोडून पाहा. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० ला गाडी अंदाजे १९-२० अंश झुकते, ३६ ला २७ अंश, ४० ला ३२ अंश आणि ५० ला ४४-४५ अंश. हा निव्वळ गणिताचा आकडा. टायरला रुंदी असते म्हणून प्रत्यक्षात त्यावर एक-दोन अंश धरा. चढताना ३५ ला काही लागत नाही आणि ४० ला एकदम बूट घासतो, त्याचं कारण हेच. वेग पाचने वाढला तरी झुकाव वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. तीसवरून चाळीसवर गेलात की टायरवरची बाजूची ओढ पावणेदोन पटीहून जास्त होते. ५० ला त्याच वळणावर पाय कितीही चांगला ठेवला तरी फुटरेस्ट जमिनीत रुतेल. तिथे पायाचा प्रश्नच उरत नाही, वेगच चुकलेला असतो.

बूट घासण्यातला धोका आवाजाचा नाही. टोक रस्त्यात अडकलं की पाय मागे आणि फुटरेस्टच्या खाली ओढला जातो, घोटा पिळवटतो. डावीकडे बुटाचं टोक गिअर लिव्हरच्या खाली असेल तर रस्ता ते खालून वर ढकलतो आणि वळणाच्या मध्यावर गिअर बदलतो. उजवीकडे माणूस दचकून पाय दाबतो आणि मागचा ब्रेक नको तेव्हा लागतो. दचकण्यानेच जास्त गाड्या पडतात, कारण दचकलेला माणूस थ्रॉटल सोडतो, गाडी सरळ करतो आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला निघून जातो.

आता पाय. वळणात फुटरेस्टवर चवडा हवा. चवडा म्हणजे बोटांच्या मागचा जाड, रुंद भाग. चवडा टेकवला की टोक आपोआप मागे आणि वर येतं, टाच फ्रेमला लागते. आतल्या बाजूच्या पायाची बोटं गाडीकडे वळवा, बाहेर नको. नाहीतर अंगठ्याची बाजू पुन्हा घासेल. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. चवड्यावर भार असला की घोटा स्प्रिंगसारखा काम करतो. तळपायाच्या मध्यावर भार असताना खड्ड्याचा दणका थेट गुडघ्यात आणि कमरेत जातो, अंग उडतं, आणि उडालेलं अंग हँडलला लटकतं.

पण चवडा ठेवला की मागचा ब्रेक आणि गिअर दोन्ही पायापासून दूर जातात, हा दुसऱ्या मित्राचा आक्षेप बरोबर आहे. म्हणून पाय कायम एकाच जागी ठेवायचा नसतो. सरळ रस्त्यावर, गावातून जाताना, बैलगाडी किंवा शेळ्या समोर येऊ शकतील तिथे तळपायाचा मधला भाग फुटरेस्टवर आणि उजव्या पायाचं टोक ब्रेकच्या वर तरंगतं असू द्या, दाबलेलं नाही. वळण दिसलं की गाडी सरळ असतानाच ब्रेक, गिअर खाली, आणि मग पाय मागे सरकवून चवड्यावर. गाडी झुकायला लागायच्या आत हे सगळं संपलेलं असावं. वळणाच्या मध्यावर पाय हलवला की कंबर हलते आणि कंबर हलली की हँडलवर दाब येतो. वळण संपून गाडी उभी झाली की पाय परत जागेवर.

डाव्या वळणात उजवा पाय बाहेरच्या, म्हणजे वरच्या बाजूला असतो. तो घासायचा प्रश्नच नाही. उताराला डाव्या वळणात उजवं टोक ब्रेकवर हलकं ठेवायला हरकत नाही, किंबहुना कन्नड घाट उतरताना ठेवावंच. उजव्या वळणात मात्र तोच पाय आतला. तिथे ब्रेकचं काम वळणाआधी उरकायचं आणि पाय मागे घ्यायचा. त्यानंतर वेग कमी करावासा वाटला तर थ्रॉटल अगदी थोडा आणि सावकाश कमी करा.

आपल्याकडच्या गाड्यांमध्ये एक अडचण आहे, तिच्याकडे लक्ष द्या. पुढे-मागे दोन्हीकडे दाबायचा गिअर लिव्हर असेल तर डावा पाय मागे सरकवताना टाच मागच्या पट्टीवर बसते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत पुढची पट्टी दाबली की गिअर वर जातो आणि मागची दाबली की खाली येतो. म्हणजे डाव्या वळणात चुकून टाच दाबली गेली तर तिसऱ्यातून दुसऱ्यात पडेल, मागचं चाक एकदम जखडल्यासारखं होईल आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी जाईल. अशा गाडीवर टाच पट्टीच्या आतून, फ्रेमकडे चिकटवून घ्या. बूट मोठा असेल आणि जागाच होत नसेल तर पूर्ण चवडा नका घेऊ, बोटं वर उचलून पाय दोन बोटं मागे घेतला तरी बूट घासायचा थांबतो. फक्त टाचेची पट्टी कापून काढणारे मेकॅनिक भेटतात. तसं करायचं तर चपलेने आणि बुटाने दोन्हीने गिअर वर-खाली नीट पडतो का ते आधी तपासा.

उजवीकडे किक आणि सायलेन्सर. किक नीट दुमडलेली नसेल तर टाच तिच्यावर अडकते. सायलेन्सरच्या जाळीला टाच टेकवून ठेवायची सवय लागली तर मे महिन्यात बुटाचा सोल वितळून तिथे चिकटलेला दिसेल.

बूट घासण्याअगोदर दुसरं काही घासत नाही ना, हेही पाहून घ्या. लेग गार्ड रुंद बसवलेला असेल तर फुटरेस्टच्या आधी तोच टेकतो, आणि तो दुमडत नाही. फुटरेस्ट दुमडणारं असेल तर ते टेकलं तरी गाडी सावरायला संधी मिळते. लेग गार्ड टेकला तर तो पुढचं चाक उचलूही शकतो. मेन स्टँडची स्प्रिंग ढिली असेल तर स्टँड खाली लोंबतो. साइड स्टँड तर डाव्या वळणाचा वैरी, निघायच्या आधी टाचेने एकदा वर मारून बघायची सवयच लावून घ्या. आणि फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बदला, जोडीला फार पैसे पडत नाहीत. पावसात गुळगुळीत रबरावर चवडा टिकत नाही.

आता लटकण्याकडे येऊ. सीटवरून आत सरकल्याने गाडी कमी झुकवावी लागते हे खरं, पण किती कमी? गाडी १४० किलोची, चालवणारा ६५ किलोचा, एकूण २०५. चालवणाऱ्याने आपल्या शरीराचा भार १० सेंटिमीटर आत नेला तर दोघांचा मिळून मध्य फक्त तीनेक सेंटिमीटर सरकतो. हा मध्य जमिनीपासून साधारण ६५-७० सेंटिमीटर उंच धरला, तर गाडीचा झुकाव अडीच ते पावणेतीन अंशांनी कमी होतो. पाय नीट ठेवून तुम्हाला वरच्या उदाहरणात दहा अंश मिळाले होते. अर्धं बूड बाहेर काढून, गुडघा फाकवून, एवढी कसरत करून अडीच-तीन. आणि ताशी ४० चा वेग ३८ केला तरी तेवढेच मिळतात. रेसच्या ट्रॅकवर ६० अंशांच्या पुढे झुकणाऱ्या माणसाला ते अंश हवे असतात. त्याच्यासमोर ट्रक येत नाही आणि रस्त्यावर केळीची पानं पडलेली नसतात.

म्हणून रस्त्यावर मी एवढंच सांगेन: बूड सीटच्या मध्यावर, फार तर दोन-तीन बोटं आत, कमरेच्या वरचं अंग आत आणि पुढे, हनुवटी आतल्या हाताच्या मुठीच्या वर. अंग गाडीच्या रेषेत किंवा त्याहून किंचित आत असावं. बरेच जण घाबरून उलटं करतात: गाडी आत झुकते आणि अंग बाहेर सरळ उभं राहतं. मग त्याच वेगाला गाडी आणखी झुकवावी लागते आणि बूट पुन्हा टेकतो. तुमचा बूट घासण्यामागे पायाइतकंच हेही कारण असू शकतं. मित्राला मागून दुसऱ्या गाडीवरून मोबाइलवर चित्रण करायला सांगा (तो मागे डबलसीट बसलेला हवा, चालवणारा नव्हे). तुमच्या पाठीची रेघ आणि नंबर प्लेटची उभी रेघ यांतला कोन त्यात स्पष्ट दिसेल.

अंग आत न्यायचं तर कशाच्या आधाराने न्यायचं, हा यातला खरा मुद्दा. आधार बाहेरच्या पायाचा घ्यायचा. डाव्या वळणात उजव्या पायाचा चवडा फुटरेस्टवर दाबून टाच थोडी वर करा. टाच वर झाली की गुडघा आपोआप टाकीच्या खोलगट बाजूत रुतून बसतो आणि मांडी टाकीला घट्ट लागते. एवढं झालं की तुम्ही गाडीला पायाने धरलंत, हात मोकळे झाले. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल. तपासायचं असेल तर वळणात आतल्या हाताची बोटं हँडलवर हलवून बघा. हलली तर आधार पायात आहे. आवळलेली असतील तर तुम्ही हँडलला लोंबकळताय, आणि मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा हँडलमार्फत तुमच्या खांद्यात आणि तुमचा प्रत्येक धक्का हँडलमार्फत चाकात जातो.

गाडी झुकते ती अंग टाकल्याने नव्हे, हँडलने. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण सायकलीपासून बुलेटपर्यंत सगळ्या दुचाकी ताशी वीसेकच्या वर अशाच वळतात. तुम्ही ते नकळत करतच असता, समजून केलं तर वळणात मधेच बैल आला तरी रेघ बदलता येते. नुसतं फुटरेस्टवर वजन टाकून गाडी फार सावकाश वळते, त्यावर विसंबू नका. फुटरेस्टवरचा दाब अंग जागेवर ठेवायला असतो.

ताशी पंधरा-वीसच्या खाली मात्र सगळं उलटं होतं. तोरणमाळच्या सातपायरी घाटातली वळणं किंवा तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैलीचा अरुंद चढ घ्या. तिथे पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ चालण्याच्या वेगाने वळावं लागतं. या वेगाला गाडी आत झुकवायची आणि अंग सरळ किंवा किंचित बाहेर ठेवायचं, वजन बाहेरच्या फुटरेस्टवर. क्लच अर्धा दाबून, थ्रॉटल स्थिर, मागचा ब्रेक हलका. म्हणून इथे उजव्या पायाचा चवडा नको, टोक ब्रेकवर हवं. इतक्या कमी वेगात गाडी एवढी झुकतच नाही की बूट टेकेल. पुढच्या ब्रेकला वळलेल्या हँडलवर हात लावू नका, गाडी जागच्या जागी पडते.

आपण डावीकडून चालतो, म्हणून घाटातलं डावं वळण नेहमी आखूड त्रिज्येचं असतं आणि आतल्या कडेला चढ सर्वांत तीव्र. आत घुसलात तर गाडीचा दम तुटतो. डाव्या वळणात थोडं बाहेरून, आपल्याच लेनच्या मधल्या रेषेजवळून शिरा, वळणाचं दुसरं टोक दिसेपर्यंत आत येऊ नका.

उजव्या वळणात उलट धोका. तुमचं चाक आपल्या बाजूला असतं, पण डोकं नसतं. गाडी ३० अंश झुकलेली असताना रस्त्यापासून दीड मीटरवर असलेलं डोकं चाकापासून पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट, उजवीकडे गेलेलं असतं. त्यात तुम्ही लटकलात तर तीन फूट. चाक मधल्या पट्ट्यापासून दोन फुटांवर ठेवलं असेल तर हेल्मेट समोरच्या लेनमध्ये. उजव्या वळणात चाक मधल्या पट्ट्यापासून निदान चार फूट डावीकडे ठेवा. कन्नड घाटात, कोंडाईबारीत किंवा फर्दापूरकडून अजिंठ्याचा घाट चढताना समोरचं वाहनही पट्टा ओलांडूनच येणार असं धरून चाला.

उतारावर अंग पुढे घसरतं आणि टाकीवर चढतं. मग हात ताठ होतात, हँडल जड लागतं आणि वळण रुंद जातं. उतार सुरू व्हायच्या आधी सीटवर चार बोटं मागे सरका आणि दोन्ही गुडघ्यांनी टाकी धरा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तसं करू नका. इंजिनचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वळणात गाडी स्थिर ठेवायला थ्रॉटलही उरत नाही.

डबलसीटचं गणित वेगळं. मागे माणूस बसला की मागचे शॉकअप दबतात आणि फुटरेस्ट दोनेक सेंटिमीटर खाली येतं, म्हणजे बूट आणखी लवकर टेकतो. हवा वाढवा. बहुतेक १२५-१५० सीसी गाड्यांना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८ च्या आसपास आणि डबलसीट ३२ च्या आसपास लागते. तुमच्या गाडीचा नक्की आकडा चेन कव्हरजवळच्या किंवा मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवर असतो. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजलेला आकडा जास्त दिसतो आणि हवा कमीच राहते. साडी नेसलेली बाई एका बाजूला बसली असेल तर तिचं वजन डावीकडे आणि तिचं पायदान डावीकडे बाहेर. अशा वेळी डाव्या वळणात वेग एरवीपेक्षा दहाने कमी ठेवा, अंग अजिबात टाकू नका, आणि तिला आधीच सांगा की वळणात उलट बाजूला झुकायचं नाही. मागच्याने तुमच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहिलं की त्याचं अंग आपोआप बरोबर जागी येतं.

खानदेशातला रस्ता वर्षातून तीन वेळा स्वभाव बदलतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगाव पट्ट्यात डांबर पाघळतं, चाकांच्या वाटेत काळी चकाकणारी पट्टी दिसते. ती ओल्यासारखी निसरडी असते, तिच्यावर झुकू नका. पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल वर येतं, आणि शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर आणतो. ओल्या काळ्या मातीवर कुठलंच टायर धरत नाही. तिथे पाय कसा ठेवावा याला उत्तर एकच: गाडी सरळ, दोन्ही गुडघे टाकीला, थ्रॉटल हलका, वळण माती संपल्यावर. केळीच्या हंगामात रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात वळणाच्या बाहेरच्या कडेला पानं आणि दांडे पडलेले असतात, कारण ट्रकमधला माल वळणातच कलतो.

पाय बाहेर काढून वळणाऱ्यांबद्दल एक. मोटोजीपी या मोटारसायकलच्या शर्यतींत व्हॅलेंटिनो रॉसी या शर्यतपटूपासून रूढ झालेली आतला पाय बाहेर सोडायची पद्धत पोरं बघतात आणि घाटात करतात. तो पाय ब्रेक मारताना सुटतो आणि गाडी पूर्ण झुकायच्या आत फुटरेस्टवर परत येतो. मातीच्या शर्यतीत पाय पुढे काढतात, तो पुढच्या चाकाजवळ, बूट जवळजवळ गुडघ्यापर्यंत कडक. डांबरावर, चपलेत, बाजूला सोडलेला पाय रस्त्याला टेकला की गुडघा फिरतो.

सराव घाटात करू नका. गाडी मेन स्टँडवर घेऊन डोळे मिटून पाय बदला: मध्य, चवडा, मध्य. दोन्ही पायांनी वीस-वीस वेळा, टाच गिअरच्या पट्टीला, किकला किंवा सायलेन्सरला न लागता. मग रिकाम्या मैदानात चुन्याने आठ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, विटा ठेवू नका. ताशी १८ ला या वर्तुळात गाडी साधारण १८ अंश झुकते, कुठेही काही टेकत नाही. डावीकडून दहा फेऱ्या, उजवीकडून दहा. नजर चुन्याच्या रेघेवर नको, वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला. पहिल्या पाच फेऱ्यांत फक्त बाहेरचा गुडघा बघा, पुढच्या पाचमध्ये फक्त आतल्या हाताची बोटं. हाताची बोटं सैल राहायला लागली की मगच वर्तुळातला वेग २० वर न्या. पायात घोटा झाकणारा, पातळ टोकाचा, टाच असलेला बूट हवा, आणि लेसची टोकं आत खोचलेली.